रखमाबाई गेल्यानंतरचे तुकोबाराय



तुकोबारायांचं चरित्र वारकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेरा दिवसांनी वर आल्या, शिवरायांचा नजराणा परत गेला, फाल्गुन वद्य बीजेला महाराज वैकुंठाला गेले, हे आपल्या लहान पोरांनाही माहीत असतं. बीजेचं कीर्तन असलं की बुवा या प्रसंगांवर तासभर रंगतात. पण महाराजांच्या वयाच्या सतराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंतचा काळ बहुतेक कीर्तनात दोन वाक्यांत उरकला जातो. दुष्काळ पडला, पहिली पत्नी गेली, वैराग्य आलं, की पुढची गोष्ट सुरू. दिंडीच्या शताब्दीच्या या स्मरणिकेत आम्ही मुद्दाम तेवढ्याच वर्षांपाशी थांबणार आहोत. त्याला कारण आहे.

आपल्या जिल्ह्यात कोणाच्या घरी मयत झालं की आपण दारावर बसायला जातो. माळकरी घर असलं तर हमखास कोणीतरी म्हणतं, तुम्ही वारकरी माणसं, तुम्ही रडायचं नाही, आत्मा अमर आहे. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ज्याचा तरणा मुलगा गेला त्याला ते ऐकून वाटतं, मला रडू येतंय म्हणजे माझी भक्ती खोटी. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरीला गेल्या. त्या दोन वर्षांत गावोगावी माणसं गेली, कित्येकांना शेवटचं तोंडसुद्धा पाहता आलं नाही. वारी पुन्हा सुरू झाली, तरी काहींनी टाळ खुंटीवरून काढला नाही. विचारलं तर म्हणतात, मन लागत नाही, कशासाठी चालायचं तेच समजत नाही. अशा माणसांसाठी तुकोबांची ही सात-आठ वर्षं फार महत्त्वाची आहेत, असं आम्हाला वाटतं.

तुकोबांचा जन्म शके १५३० मधला धरतात, म्हणजे इसवी सन १६०८-०९. घराणं देहूचं, जुनं वारकरी. आठ पिढ्यांमागे विश्वंभरबाबा झाले. ते पंढरीची वारी करत, आणि देहूतली विठ्ठल-रखुमाईची मूर्ती त्यांनाच सापडली असं सांगतात. त्यांच्यामागे हरी आणि मुकुंद ही दोन्ही मुलं राजाच्या चाकरीत गेली आणि लढाईत पडली. मुकुंदाची बायको सती गेली. म्हातारी आई आमाबाई हे सगळं पाहायला मागे राहिली. महिपतीबाबांनी ही हकिगत लिहून ठेवली आहे. म्हणजे ज्या देवळापुढे तुकोबा लहानाचे मोठे झाले, त्या देवळाच्या पायाशीच एका आईचं दुःख होतं.

वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले बंधू सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. घरची परिस्थिती चांगली होती. शेती होती, पेठेची महाजनकी होती, वाण्याचं दुकान होतं आणि सावकारीही होती. आपण चित्रात फाटक्या घोंगडीतले तुकोबा पाहतो, म्हणून आपल्याला ते जन्मापासून गरीब वाटतात. तसं नव्हतं. सावजींचं लक्ष संसारात नव्हतं, त्यामुळे तेराव्या वर्षीच दुकानाचा भार तुकोबांवर आला आणि त्यांनी तो नीट सांभाळला. लग्न रखमाबाईंशी झालं. त्यांना दमा होता. म्हणून घरच्यांनी दुसरं लग्न करून दिलं, ते पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांच्या मुलीशी. त्या जिजाई, लोक त्यांना आवलीही म्हणतात. रखमाबाईंना मुलगा झाला, त्याचं नाव संतू.

मग एकामागून एक दारं बंद होत गेली. सतराव्या वर्षी वडील गेले. आई गेली. पुढच्या वर्षी सावजींची बायको वारली, आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेला गेले ते परत आलेच नाहीत. एकाच घरात, एकाच दुःखाने दोन भाऊ दोन वाटांना लागले. एक निघून गेला आणि दुसरा मागे राहिला, कारण घरात दोन बायका, एक लेकरू आणि एक धाकटा भाऊ होता. निघून जाणाऱ्याला आम्ही नावं ठेवत नाही. काही दुःखं माणसाला घरात उभं राहू देत नाहीत. पण मागे राहणाऱ्यालाही दुःख असतं, आणि त्याला वर दुकानही उघडावं लागतं.

दुकान चालेना. येणं वसूल होईना, देणं वाढलं. सोयऱ्यांनी सावरायचा प्रयत्न केला, तोही वाया गेला. विसाव्या वर्षाच्या आसपास दिवाळं निघालं आणि पेठेतली पत गेली. महाजनाच्या घराचं दिवाळं म्हणजे काय, ते ज्याच्या दुकानावर लोकांनी येणं बंद केलंय त्यालाच कळेल.

आणि त्यावर दुष्काळ आला. १६३० चा पाऊस पडलाच नाही. दख्खन, खानदेश, गुजरात, तिन्ही मुलूख एकदम होरपळले. गुजरातेत अजूनही त्याला सत्याशिया दुकाळ म्हणतात, कारण तेव्हा विक्रम संवत १६८७ चालू होतं. पुणे परगण्यात तर दुष्काळाच्या जोडीला लढाया होत्या. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळून उजाड केलं. शिवनेरीवर शिवराय जन्मले ते याच साली, १६३० च्या फेब्रुवारीत.

इथे नंदुरबारच्या वाचकांनी जरा थांबावं, कारण हा दुष्काळ फक्त देहूचा नाही, आपलाही आहे. त्या वर्षी नोव्हेंबरात पीटर मंडी नावाचा एक इंग्रज व्यापारी सुरतेहून बऱ्हाणपूरला निघाला. त्याची वाट आपल्या नंदुरबारवरून जात होती. त्याने रोजनिशी लिहिली आहे. रस्त्याच्या कडेने भुकेने मेलेली माणसं पडलेली, गावाजवळ आलं की दुर्गंधीने नाक धरावं लागायचं, उचलायला आणि पुरायला कोणी उरलेलं नाही, असं वर्णन त्यात आहे. आज आपण ज्या वाटेने टाळ-मृदंग घेऊन निघतो, त्याच मुलखातली ही वाट. तेव्हा या मातीत किती रखमाबाया आणि किती संतू गेले, त्यांची नावं कोणी लिहिली नाहीत. तुकोबांनी लिहिलं म्हणून निदान एका बाईचं मरण आपल्याला माहीत आहे.

त्या वेळी दिल्लीचा बादशहा शाहजहान बऱ्हाणपुरात तळ देऊन होता. त्याने लंगर उघडले, पैसे वाटले, पण एवढ्या मोठ्या आगीला ते किती पुरणार? पुढच्याच वर्षी, १६३१ च्या जूनमध्ये, त्याची बेगम मुमताजमहल बऱ्हाणपुरातच बाळंतपणात वारली. तिला आधी तिथेच तापीच्या पलीकडे बागेत पुरलं, आणि मग आग्र्याला नेलं. तीच तापी पुढे वाहत आपल्या प्रकाशाला येते, तिथे गोमाईला भेटते. एकाच दुष्काळाच्या दिवसांत बादशहाची बायको गेली आणि देहूच्या वाण्याचीही बायको गेली. बादशहाने काय बांधलं ते जग पाहायला जातं. वाण्याने काय बांधलं ते पुढे सांगतो.

रखमाबाई अन्नावाचून गेल्या. दम्याचं शरीर, त्यात उपास. घरात धान्याचं दुकान होतं, त्या घरातली सून घासभर अन्नासाठी तडफडून गेली. पाठोपाठ लहानगा संतूही गेला. तुकोबांनी पुढे आपल्या आयुष्याची हकिगत एका अभंगात सांगितली आहे. त्यात पत्नीचं हे मरण येतं, आणि त्या जागी त्यांनी काय म्हटलंय ते वाचकांनी गाथा उघडून पाहावं. ते तिथे ब्रह्मज्ञान सांगत नाहीत. आपल्याला लाज वाटली, या दुःखाने जीव त्रासून गेला, असं सरळ सांगतात. आपण बाईला जगवू शकलो नाही याची ती लाज आहे. ज्याच्या घरी औषधाच्या पैशावाचून, गाडीवाचून किंवा उशिरा समजल्यामुळे माणूस गेलंय, त्याला ही लाज कोणी समजावून सांगायची गरज नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर कुपोषणाने लेकरू गेलेल्या आईबापांना तर नाहीच नाही.

आता दुसरा एक अभंग आहे, तो कीर्तनात जास्त ऐकू येतो. त्यात तुकोबा बाप, बायको, पोर, आई यांच्या मरणांची नावं घेतात आणि देवाने आपल्याला मोकळं केलं, असं म्हणतात. तो ऐकला की वाटतं, काय कठोर माणूस आहे! काही बुवा त्याचा दाखला देऊन सांगतात की महाराजांना दुःख झालंच नाही, ते तर आधीपासूनच विरक्त होते, सगळी लीला होती. आम्हाला हे पटत नाही. ज्याला दुःख झालं नाही तो मेलेल्यांची एकेक करून यादी करत नाही. आणि हे दोन्ही अभंग एकाच तोंडातून आलेले आहेत. एक सोडून दुसरा घेता येत नाही. मोकळं झाल्याचं बोलणं ही बऱ्याच वर्षांनंतरची गोष्ट. त्याच्या आधी लाज होती, त्रास होता आणि आपलं काय करायचं तेच न कळण्याचे दिवस होते.

त्या दिवसांत तुकोबा गावातून उठून भामचंद्राच्या डोंगरावर गेले. महिपतीबाबा सांगतात, पंधरा दिवस ते तिथे बसून राहिले, खाण्यापिण्याची शुद्ध नव्हती. कान्होबा त्यांना शोधत रानोमाळ हिंडले आणि शेवटी तिथे सापडवून खाली घेऊन आले. या शोधणाऱ्या धाकट्या भावाकडे आपलं लक्ष जात नाही. सावजी गेले होते, आईवडील गेले होते, वहिनी गेली होती. उरलेला एक भाऊही डोंगरावर नाहीसा झालेला. कान्होबांचं वय तेव्हा असं कितीसं असणार!

खाली आल्यावर इंद्रायणीच्या काठी तुकोबांनी घरातली सगळी खतं आणवली. खतं म्हणजे लोकांना दिलेल्या कर्जाचे कागद. ते सगळे बुडवायचे होते. पण त्याआधी त्यांनी त्याच्या दोन वाटण्या केल्या. अर्धे कागद कान्होबांना दिले, कारण कान्होबांना संसार करायचा होता आणि त्यांचा तो हक्क होता. आपल्या वाटणीचे तेवढे नदीत सोडले. हा प्रसंग सांगताना बुवा बुडवण्यावर भर देतात, आम्हाला वाटणी जास्त मोलाची वाटते. दुःखात माणूस सगळंच फेकायला निघतो, दुसऱ्याचंही. तुकोबांनी दुसऱ्याचं फेकलं नाही. आणि आपले बुडवले त्यातले ऋणकोसुद्धा त्याच दुष्काळातून आलेले होते. त्यांच्याही घरी कोणी ना कोणी गेलंच असणार. त्यांच्याकडे वसुलीला कोणत्या तोंडाने जायचं, असा विचार महाराजांच्या मनात आला असेल, असं आम्ही आपलं समजतो.

यानंतर लगेच अभंग सुचले असं नाही, हे ध्यानात घेतलं पाहिजे. आधी हातपाय कामाला लागले. विश्वंभरबाबांचं देऊळ मोडकळीला आलं होतं. ते दुरुस्त करावं असं त्यांच्या मनात आलं. पैसा नव्हता, मजूर लावायची ऐपत नव्हती. त्यांनी स्वतः माती खणली, चिखल केला, भिंती उभ्या केल्या. शाहजहानाच्या संगमरवरासमोर ही मातीची भिंत ठेवून पाहा. आग्र्याची ती इमारत उभी राहायला वीस-बावीस वर्षं आणि हजारो माणसं लागली, आणि त्यात कबरी आहेत. देहूच्या भिंतीच्या आत माणसं एकादशीला जागरणाला बसू लागली.

त्या जागरणात तुकोबा पुढे उभे नव्हते. तेच सांगतात की सुरुवातीला अभ्यासात मन लागत नव्हतं. मग संतांची काही वचनं पाठ केली, आणि जे पुढे गात त्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद धरलं. आजच्या भाषेत, ते मागच्या रांगेतले टाळकरी होते. जगद्गुरू म्हणून ज्यांच्या पालखीमागे लाखो माणसं चालतात, त्यांनी आपल्या सगळ्यात वाईट दिवसांत एवढंच केलं. दुसरा गाईल ते मागून म्हटलं. स्वतःजवळ शब्द नव्हते, तर नामदेवांचे, ज्ञानोबांचे, एकनाथांचे, कबीरांचे घेतले. आमच्या दिंडीतही मागे, विणेकऱ्यापासून लांब, तोंड न उघडता चालणारी माणसं दर वर्षी असतात. त्यांना कोणी गा म्हणून आग्रह करू नये, ही आमच्या जुन्या विणेकऱ्यांची पद्धत. ती चांगली आहे.

बाकी वेळ तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर काढत. इथे जिजाईंबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. तुकोबांच्या गोष्टीत जिजाई म्हटलं की कजाग, तोंडाळ, देवाला शिव्या देणारी बाई रंगवतात, आणि मंडपातली माणसं हसतात. आमच्या बायामंडळींना ते आवडत नाही, आणि बरोबरच आहे. दुष्काळात सवत गेली, सवतीचं लेकरू गेलं, सासू-सासरे गेले, नवरा डोंगरावर. चूल तिने पेटवायची. नवऱ्याने पुन्हा व्यापाराला लागावं म्हणून तिने आपल्या नावावर २०० रुपये कर्ज काढून दिले, तुकोबा ते घेऊन मिठाच्या व्यापाराला गेले, नफाही झाला आणि वाटेत एका अडलेल्या माणसाचं देणं भागवून ते रिकाम्या हाताने परत आले, असं महिपतीबाबांनीच सांगितलंय. यावर ती चिडणार नाही तर काय? तरी रोज भाकरी बांधून ती भंडाऱ्याचा डोंगर चढत असे. त्याला जेवू घातल्याशिवाय ती स्वतः जेवत नसे. रखमाबाई भुकेने गेलेल्या तिने पाहिल्या होत्या. त्या घरात पुन्हा कोणी भुकेने जाणार नाही, एवढं तिने मनाशी धरलं असावं. तिच्या दुःखाचा अभंग नाही. डोंगरावर नेलेली भाकरी हाच तिचा अभंग म्हणा.

पुढची वाट आपल्या सगळ्यांच्या पायाखालची आहे. नामदेवराय पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि आपले राहिलेले अभंग पुरे करायला सांगून गेले. माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, बाबाजी चैतन्यांनी स्वप्नातच मंत्र दिला. तो मंत्र आपल्या तोंडी रोज आहे. मग अभंग असे आले की थांबता थांबेनात. वाघोलीचे रामेश्वरभट्ट आधी उलटले आणि मग शिष्य झाले. वह्या बुडाल्या, तरल्या. संताजी जगनाड्यांनी अभंग लिहून ठेवले. एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधतो. त्या अभंगांत देवाशी भांडण फार आहे. देवा, तू आहेस तरी का, असं विचारण्यापर्यंत तुकोबा जातात. ज्याने भुकेने मेलेलं माणूस पाहिलंय त्यालाच असं भांडता येतं. आणि देवाशी भांडायचं तर आधी देवापुढे जाऊन उभं राहावं लागतं, तेवढं त्यांनी सोडलं नाही.

जिजाईंना मुलं झाली. काशी, भागीरथी, गंगा या मुली, महादेव आणि विठोबा हे मुलगे. दुष्काळाने रिकामं झालेलं घर पुन्हा भरलं.

१६४९-५० च्या सुमारास, फाल्गुन वद्य बीजेला तुकोबाराय गेले. वयाची बेचाळिशीही उलटली नव्हती. तो सोहळा आपण वैकुंठगमन म्हणून साजरा करतो. पण देहूत ज्यांचा माणूस गेला त्यांच्यासाठी तो गेलाच होता. गाथेत कान्होबांचे अभंग आहेत, ते आमच्या वाचकांनी जरूर वाचावेत. ज्याला डोंगरावरून शोधून आणला होता, तो भाऊ आता कुठे शोधायचा, या दुःखात ते आहेत. कान्होबा रडतात, विठोबाला जाब विचारतात, माझा भाऊ परत दे म्हणून त्याच्याशी तंडतात. वारकरी परंपरेने ते अभंग लपवले नाहीत, काढून टाकले नाहीत. तुकोबांच्या गाथेतच ते ठेवले आहेत. माळकऱ्याने रडू नये असं कोणी दारावर सांगायला लागलं, तर त्याला ही पानं दाखवावीत.

तुकोबा गेले तेव्हा जिजाई गरोदर होत्या. पुढे मुलगा झाला, त्याचं नाव नारायण ठेवलं. त्याने बाप कधी पाहिला नाही. मोठेपणी याच नारायणबाबांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, देहूहून आळंदीला नेल्या, तिथे माउलींच्या पादुका सोबत घेतल्या आणि ज्ञानोबा-तुकारामांचा गजर करत पंढरीची वाट धरली.